कशावरून?

24 फेब्रुवारी जवळ आली की आपल्या मोबाइलवर नेसरीची खिंड येते. 1674 साली त्या दिवशी मराठ्यांचे सरसेनापती प्रतापराव गुजर सहा जणांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या सहांची नावेही निरोपात असतात. ती कुठल्या पत्रात, कुठल्या बखरीत सापडली, हे मात्र कधीच नसते. पाठवणाऱ्याचा अभिमान खरा असतो. पण एखाद्या मुलीने वर्गात उठून ‘कशावरून?’ विचारले, तर सांगायला कोणी पुढे येत नाही.

2003 साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर हाच प्रश्न आधी विचारतात. लिहायला कोणालाही मुभा, पगार कोणालाच नाही. नेसरीच्या लेखात एक ओळ वाढवली, की ती कधी आणि कोणत्या खात्यावरून आली, आधी तिथे काय होते, हे ‘इतिहास’मध्ये नोंदले जाते. दुसऱ्याला पटले नाही तर तो ओळ काढतो, नाहीतर संदर्भ मागतो आणि चर्चापानावर वाद घालतो. प्राध्यापक असो की अकरावीतला पोरगा, पुस्तक आणि पान सांगावेच लागते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

तिची झळ मात्र आपल्या गडहिंग्लजसारख्या गावांना बसते, कारण छापून न आलेले तिथे टिकत नाही. सामानगडावर 1844 साली गडकऱ्यांनी बंड केले, ते सरकारी कागदांत आले, म्हणून त्यावर लिहिता येते. गडहिंग्लजच्या फुटबॉलचे काय? कोणत्या साली कोणता संघ जिंकला, बाहेरचे खेळाडू कोणाच्या घरी जेवले, यातले कितीतरी अजून जुन्या खेळाडूंच्या तोंडीच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये हिरण्यकेशी नदी चढली तेव्हा भडगावच्या पुलाची, निलजी-ऐनापूरच्या बंधाऱ्यांची खबर गल्लीगल्लीतले लोक ग्रुपवर देत होते. रस्ता कुठून सुरू आहे हे त्यांच्यामुळेच कळायचे. फोन बदलले आणि त्यातले बरेचसे निरोप गेले.

हे टिकवायचे तर मंडळांनी आपल्या स्मरणिकेतली शुभेच्छांची दोन पाने कमी करून अंतिम सामन्यांची यादी छापावी. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात पूर कुठल्या पायरीपर्यंत आला ते तारखेसह, सांगणाऱ्याच्या नावासह यावे. पुराचा फोटो तुम्ही स्वतः काढला असेल, तर तो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने आजच चढवता येईल; त्याला छापील पुरावा लागत नाही. खाली तारीख लिहा, पूल कोणता ते लिहा, आणि फोटो कोणत्या काठावरून काढला तेही.