दहावीचे वीस गुण : आज उधार, अकरावीत वसुली

हिंगणी (ता. सेलू) : दहावीला ऐंशी टक्के घेतलेलं पोरगं अकरावी विज्ञानाच्या पहिल्याच चाचणीत का गडबडतं? गावखेड्यातल्या पालकांना पडणाऱ्या या प्रश्नाचं बरंचसं उत्तर शाळेच्या हातातल्या 20 गुणांत आहे.

दहावीला बहुतेक विषयांत 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा गृहपाठाचे. लेखी पेपर बाहेरचे शिक्षक तपासतात, हे 20 गुण शाळाच देते. भाषा विषयात पास व्हायला दोन्ही मिळून 35 लागतात. शाळेने 20 पैकी 20 दिले, तर लेखीत 80 पैकी 15 पुरतात.

या गुणांचा जोर 2019 ला दिसला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले. राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. आपला नागपूर विभाग 67.27 टक्क्यांवर, राज्यात सर्वांत खाली. सीबीएसईच्या मुलांना असे गुण मिळतात, मग आमच्या लेकरांना का नाही, अशी ओरड झाली. ती चुकीची नव्हती. अकरावीच्या यादीत दोघंही सोबतच असतात. गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला.

पण सगळ्यांचेच गुण वाढले की निवड पुढे सरकते. इंजिनिअरिंगला बारावीच्या किमान गुणांची अट आहे, पण नंबर लागतो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हे. त्या सत्रात बसलेल्या दर 100 पैकी साधारण 90 जण आपल्या बरोबरीने किंवा मागे, एवढाच त्याचा अर्थ. तिथे शाळेचे 20 गुण चालत नाहीत. शहरात महागडा क्लास लावलेला आणि कापसाच्या पैशावर शिकणारा, दोघांची तुलना थेट होते.

म्हणून 20 गुण बंद करा, असं नाही. तोंडी परीक्षा खरोखर घेतली तर लाजरं पोरगंही बोलायला शिकतं. न घेता दिलेले गुण मात्र उधारीचे. शाळेचा निकाल चांगला दिसतो, फेड लेकराला करावी लागते.

पालकांनी निकालाच्या टक्क्यांवर विसंबू नये. जानेवारीतच शाळेत जाऊन पूर्वपरीक्षेचे लेखी पेपर पाहावेत आणि एकच विचारावं : 80 पैकी किती?