मनाचे वैद्यक आणि वीरचा रुग्ण

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीकडे वळणाऱ्या एखाद्या माणसास मनाचा विकार जडला, तर तो प्रथम कोणाकडे जातो? मानसोपचारतज्ज्ञाकडे खचित नव्हे. छातीत धडधडते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, असे सांगत तो प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढे बसतो. (त्याआधी घरच्यांनी देवऋषी गाठला असेल, ते निराळे.) त्या डॉक्टरांस महाविद्यालयात मनाविषयी काय शिकविले गेले, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या तालुक्यांनी काय सोसले, हे वाचकांस ठाऊक आहेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी मदत येते, मंत्र्यांचे दौरे होतात, घरांच्या योजना आखल्या जातात. परंतु एका दिवसात सारे कुटुंब गमावलेल्या माणसाचे मन पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात काय भोगते, याची विचारपूस कोणी करावयाची?

ती करू शकणारे डॉक्टर घडविण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती, असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती आपल्या सहकाऱ्यांसह आजमावली. त्यावरील १९७३ च्या निबंधाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे नाव आढळते. शाळकरी वयात फ्रॉइड वाचून या शास्त्राकडे ओढले गेलेले, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे हे विद्यार्थी १९७४ साली अमेरिकेस गेले. १९८६ पासून सॅन डिएगोच्या विद्यापीठात त्यांनी वार्धक्यातील मानसविकारांचा अभ्यास केला आणि त्या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुण संशोधकांच्या प्रशिक्षणास वाहून घेतले. २०१२ मध्ये ते अमेरिकन मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या पदावरील ते पहिले आशियाई-अमेरिकन.

त्यांनी जावयास नको होते, असे म्हणणे क्षुद्रपणाचे ठरेल. मुंबईच्या एका विभागात शिकलेला विद्यार्थी पुढे साऱ्या जगास शिकवितो, यात त्या विभागाचाही गौरव आहे. आमची तक्रार निराळी आहे. ज्या भूमीत असे शिक्षक झाले, तेथे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यास आजही मानसोपचार या विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत नाही. तो मेडिसिनच्या परीक्षेत सामावून जातो. आंतरवासितेत दोन आठवडे त्यास आता सक्तीचे दिले आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण दोनच आठवडे! आम्ही स्वतः काही वर्षे मास्तरकी केली आहे. ज्या धड्यावर हमखास प्रश्न येत नाही, तो धडा मुले कशी वाचतात, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. एवढी मोठी दरी केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून भरून निघणे नाही. ती भरावयाची तर प्रत्येक साध्या डॉक्टरास नैराश्य ओळखता आले पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मानसोपचाराची परीक्षा स्वतंत्र करावी, आणि या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस काही महिने महाडसारख्या तालुक्याच्या रुग्णालयात बसवावे. पहिला पावसाळा तेथे काढला, तरी रुग्ण काय सांगतो आणि काय गिळून टाकतो, हे त्यांच्या ध्यानी येईल.