घोडा धडधाकट आहे का? लेखी विचारून ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात जुनी गाडी घ्यायचं चाललंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक मेसेज दिलाय, तो तरी कॉपी करून ठेवा.

तीन महिन्यांपूर्वी मी सेकंड हँड गाडी घेतली. ऑनलाइन. २०१९ चं मॉडेल, पुणे पासिंग, फर्स्ट ओनर, दोन एअरबॅग, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. किंमत तीन लाख पंच्याऐंशी हजार. तालुका-जिल्ह्याच्या बातमीदाराच्या पगारात नवी गाडी बसत नाही. आणि वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला संभाजीनगरला न्यावं लागतं. एसटीत बसवून न्यावं अशी त्यांची तब्येत राहिली नाही. म्हणून घेतली. हौस म्हणून नाही.

ॲपवर गाडीचे ढीगभर फोटो होते. लांबलचक तपासणी अहवाल होता आणि प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवी खूण. त्यातली एक ओळ मला आता पाठ झालीय: "एअरबॅग : ठीक."

गाडी वसमत रोडला उतरली. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो टाकला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अभिनंदनही केलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी हॉर्न वाजेना. ओळखीच्या गॅरेजवर नेली. मिस्त्रीनं स्टिअरिंगवरचं कव्हर काढलं आणि माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "साहेब, यात बॅगच नाही."

कव्हर आतून चिकटवलेलं. आत पोकळ. डाव्या बाजूचीही बॅग नाही. आणि खरी गोष्ट पुढंच आहे. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक, असं आपण समजतो. माझ्या गाडीत हा दिवा दुसऱ्याच एका दिव्याच्या वायरला जोडून दिला होता. त्यामुळं तो वेळेवर लागायचा, वेळेवर विझायचा. हे काही विसरभोळेपणानं होत नाही. कुणीतरी निवांत बसून, डोकं लावून केलेलं काम आहे.

मग मिस्त्रीनं बोनट उघडलं. पुढच्या एप्रनला नवा वेल्ड. "दादा, गाडीनं समोरून मार खाल्लाय. जोरात."

त्या एकोणीस दिवसांत मी वडिलांना पुढच्या सीटवर बसवून संभाजीनगरची एक फेरी करून आलो होतो. जाऊन-येऊन जवळपास चारशे किलोमीटर. मागच्या सीटवर आई आणि पोरगी. दिवा विझला की मी गाडी पुढं काढायचो.

आता कंपनीचं ऐका. फोन केला तर आधी वीस मिनिटं गाणं. मग ईमेलवर उत्तर आलं, इंग्रजीत. मतलब असा की, परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. तपासणी "वरवर पाहून" केलेली असते. तपासणीच्या दिवशी दिवा व्यवस्थित विझत होता, म्हणून "ठीक" लिहिलं. आणि वाद घालायचाच असेल तर अटींनुसार दूरच्या एका महानगरात या. त्यांचा हिशेब सरळ आहे. परभणीचा माणूस साडेतीन-चार लाखांच्या गाडीसाठी तिकडं हेलपाटे घालणार आहे का? बनी तो बनी, नही तो परभणी!

प्रकरण ग्राहक आयोगाकडे दिलंय. म्हणून कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. कमेंटमध्येही विचारू नका. माझी गाडी हा विषयच नाही. विषय आहे आपल्याकडं दोष लपवून विकणं इतकं सोपं का, हा.

सगळे मला एकच सांगतात. "भाऊ, तू बघून घ्यायची ना!" पत्रकार मित्र, नातेवाईक, इतकंच काय, आरटीओबाहेरचा एजंटसुद्धा.

ठीक आहे, बघून घेण्याबद्दलच बोलू. आमचे वडील बैल घ्यायला जायचे तेव्हा मी बरोबर असायचो. दात बघायचे, खांदा दाबून बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचे, जुंपून बघायचे. तरी शेवटी विकणाऱ्याला चारचौघांत विचारायचे, "काही खोड?" तो म्हणायचा, "खोड निघाली तर दावणीला आणून बांधा." माळेगावच्या यात्रेत आजही घोडा घेणारा माणूस आधी त्याला पळवून बघतो. जनावर समोर उभं असतं. विकणारा समोर उभा असतो. त्याचं गाव कोणतं हे माहीत असतं.

ऑनलाइनमध्ये यातलं काय उरलं? गाडी पुण्यात, मी परभणीत. फोटो त्यांनी काढलेले, तपासणारा त्यांचा, अहवाल त्यांचा, मुदत त्यांनी ठरवलेली. बघायची सगळी साधनं विकणाऱ्याच्या हातात, आणि "बघून घ्यायची जबाबदारी" मात्र माझी. हा कुठला न्याय?

याची मुळं जुनी आहेत. १८७२ चा भारतीय करार कायदा. दीडशे वर्षं उलटून गेली, अजून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि उदाहरण दिलंय घोड्याचं. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. पुढं कलम १९ म्हणतं की, गप्प राहून फसवलं असलं तरी साधी काळजी घेऊन तुला दोष कळण्यासारखा होता, तर करार मोडता येणार नाही.

साहेबाच्या काळात घोडा मैदानात उभा असायचा, तेव्हा हे एकवेळ चालून गेलं असेल. स्टिअरिंगचं कव्हर फोडून बघितल्याशिवाय जो दोष दिसत नाही, त्याला "साधी काळजी" म्हणायचं का?

माझ्या बाबतीत तर कंपनी गप्पही बसली नव्हती. "ठीक" असं लिहून दिलं होतं. म्हणून मी लढू शकतो. पण उद्या ही मंडळी हुशार होतील. अहवालातून ती ओळच काढून टाकतील. मग पुढचा गिऱ्हाईक काय दाखवणार?

आता सरकारचं बघा. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना पोर्टलवर द्यायची. ती गाडी कुठं, कशासाठी फिरवली याची इलेक्ट्रॉनिक नोंद विक्रेत्यानं ठेवायची. चांगले नियम आहेत, नाव ठेवत नाही. पण सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गाडीचा जबाबदार माणूस कोण? या गाडीचा अपघात झाला का, पाण्यात बुडाली होती का, एअरबॅग जाग्यावर आहेत का, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी एक कागद त्यात नाही. गाडी कुठं फिरली ते लिहा. कुठं आदळली ते लिहायची गरज नाही!

२१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या जुन्या गाड्यांवरचा कर सरसकट १८ टक्के ठरला, तोही नफ्यावर. म्हणजे विक्रेत्यानं गाडी केवढ्याला घेतली आणि केवढ्याला विकली, यातला रुपया न् रुपया सरकारला कळायला हवा. मधल्या काळात गाडीत काय झाकलं, ते कळलं नाही तरी चालतं.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत १९८५ पासून विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीवर एक छापील कागद लावावा लागतो: वॉरंटी आहे की "आहे तशी" विकतोय, आणि स्वतःच्या मिस्त्रीकडून तपासून घ्या हा सल्ला. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं विक्रेत्याकडून घेतलेली सदोष वस्तू, जुनी गाडीसुद्धा, तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात. आपण म्हणतो जगात जर्मनी, भारतात परभणी. निदान एक कागद तरी मागू.

माझी मागणी एवढीच आहे. व्यवसाय म्हणून जुनी गाडी विकणाऱ्यानं प्रत्येक गाडीबरोबर सही केलेला एक कागद द्यावा. मराठीत. पाच प्रश्न, पाच उत्तरं. मोठा अपघात किंवा सांगाड्याला वेल्डिंग? एअरबॅग उघडल्या होत्या का, नव्या बसवल्या का? पुरात बुडाली होती का? विम्याचा मोठा क्लेम घेतला का? मीटर बदललं का? उत्तर खोटं निघालं तर गाडी परत, पैसे परत, सात दिवसांची भानगड नाही. हा कागद नसेल तर आरटीओनं नाव बदलून देऊ नये. आणि परभणी आरटीओला विनंती, जिल्ह्यातल्या अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यांची यादी दर्शनी भागात लावा.

विक्रेते म्हणतील, आम्हालाच मागच्या मालकानं सांगितलं नाही. मग त्याच्याकडून तोच कागद लिहून घ्या. तुमच्याकडं तपासणारी माणसं आहेत, स्कॅनर आहेत, लिफ्ट आहेत. माझ्याकडं फक्त मोबाइल होता.

थोडं स्वतःबद्दलही सांगतो, नाहीतर ढोंग होईल. चार वर्षांपूर्वी मी माझी जुनी मोटारसायकल विकली. इंजिन ऑइल खात होतं. घेणाऱ्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वर म्हणालो, "बघून घ्या." तो दीडशे वर्षांपूर्वीचा घोडेवाला माझ्यातही आहे. आणि आम्ही पेपरवाले? या कंपन्यांच्या पानभर जाहिराती छापतो आणि ग्राहक आयोगाच्या निकालाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकतो. मीही उरकलीय.

आता कामाचं.

विक्रेता कंपनी किंवा डीलर असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूनं आहे. त्यांच्या अटीत कुठलंही शहर असो, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे परभणीतच. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाली काढायचं. आधी १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. आयोगात तारखा पडतात, वेळ लागतो, हे मान्य. तरी जा.

पण साध्या खासगी मालकाकडून घेतली तर हा कायदा लागत नाही. तिथं तोच घोड्याचा कायदा. म्हणून आधीच सावध व्हा.

आपला मिस्त्री घेऊन जा, दोन-तीन हजार खर्च झाले तरी चालतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुरातली गाडी असेल तर तिथं गाळाचे डाग सापडतात. स्टेपनीखालचा पत्रा आणि सीटखालचे बोल्ट बघा, गंज बोलतो. बोनटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघा. एअरबॅगचा दिवा बाकीच्या दिव्यांबरोबर जोडीनं विझत असेल तर शंका घ्या आणि स्कॅनर लावा. मागची विमा पॉलिसी मागा, नो क्लेम बोनस शून्य असेल तर का, ते विचारा. सर्व्हिस रेकॉर्डवरचे किलोमीटर मीटरशी ताडून बघा.

आणि पैसे देण्याआधी हा मेसेज पाठवा. कारण त्याच कलम १७ मध्ये घोड्याचं आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन. विकणारा गप्प बसतो. इथं कायदा म्हणतो, हे गप्प बसणं म्हणजे बोलणंच. म्हणजे चावी त्याच कायद्यात ठेवलेली आहे, आपल्याला कुणी दाखवली नाही.

मेसेज असा:

"आपल्या गाडीचा मोठा अपघात झालेला नाही, ती पुरात बुडालेली नाही, एअरबॅग मूळच्या आणि चालू आहेत, मीटर बदललेलं नाही. यातलं काही चुकीचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. आपण नाही म्हणाला नाहीत तर गाडी धडधाकट आहे असं समजून मी पैसे भरतो."

मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तरी जपून ठेवा. पुढं पुरावा म्हणून तोच लागेल.

माझी गाडी सध्या अंगणात झाकून उभी आहे. पुढच्या आठवड्यात वडिलांची तारीख आहे, भाड्याची गाडी सांगितलीय. काल ते म्हणाले, "बैल घेताना तुला नेत होतो, काही शिकला नाहीस." खरंय. मी दात बघायला शिकलो होतो, खोड विचारायला विसरलो.

तुम्ही विसरू नका. पोस्ट शेअर करा, माझं नाव न टाकता कॉपी केली तरी चालेल. आपल्या खासदार-आमदारांना टॅग करा आणि विचारा, तो एक कागद कधी देताय?