रंगाचे पातेले स्वयंपाकाला नको

पांढरी ओढणी नव्या ड्रेसशी जुळवायची असो, की विटलेल्या पडद्यांना पुन्हा रूप द्यायचे असो, घरच्या घरी कपडा रंगवण्याची हौस अनेक गृहिणींना असते. पैसे वाचतात, हवी ती छटा मिळते. प्रश्न येतो तो भांड्याचा. बहुतेक घरांत ज्या पातेल्यात सकाळी आमटी झाली, त्यातच दुपारी रंग उकळतो आणि रात्री पुन्हा भात शिजतो. घासून लख्ख केले, मग हरकत काय, असे वाटते. हरकत नेमकी इथेच आहे.

कपड्याचा रंग खाण्यासाठी केलेला नसतो. पुडीवर छटेचे नाव असते. आत काय आहे, हे बहुधा नसते. कर्करोगाच्या धोक्यामुळे केंद्र सरकारने १९९७ साली ७० अझो रंगांवर बंदी घातली. २०२४ साली कर्नाटकात ‘बुढ्ढी के बाल’ आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी आली, तीही नमुन्यांत रोडामाइन-बी सापडल्यामुळे. हा कापड रंगवण्याचा रंग. भांड्याचे ओरखडे, कडीचे जोड, कुकरची रबरी रिंग, लाकडी डाव यांत असे रंग मुरून बसतात.

तुरटी वेगळी, मोरचूद वेगळे

‘आम्ही नैसर्गिक रंग वापरतो’ असे म्हणणाऱ्यांनीही सावध राहावे. पळसाची फुले किंवा कांद्याची साले निरुपद्रवी असली, तरी रंग पक्का करण्यासाठी घातले जाणारे द्रव्य तसे असेलच असे नाही. मोरचूद पोटात गेल्यास विषबाधा होते. लोकरीसाठी वापरले जाणारे नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट तर घरात आणूच नये.

जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणाऱ्या पनागरसारख्या हिंदी मुलखातील गावात मराठी गृहिणीला दोन्ही नावे ठाऊक हवीत. तुरटी म्हणजे फिटकरी, हिराकस म्हणजे कसीस आणि मोरचूद म्हणजे नीला थोथा. रंगासाठी लागणारा सोडा धुण्याचा असतो, खाण्याचा नव्हे. पुडी घरी येताच तिच्यावर नाव लिहावे आणि ती मसाल्यांपासून दूर, कुलपात ठेवावी. मोरचुदाचे निळे खडे लहान मुलांना खडीसाखरेसारखे वाटू शकतात.

कोणते भांडे घ्यावे?

स्टेनलेस स्टीलचे किंवा टवका न उडालेले इनॅमलचे भांडे उत्तम. अॅल्युमिनियमवर धुण्याच्या सोड्याचा परिणाम होतो. कॉस्टिक सोडा तर त्यात कधीच घालू नये. लोखंडी कढईत रंग काळपट होतो. पितळेची कल्हई व्हिनेगर आणि मिठाने झिजते. नॉनस्टिक आणि मातीची भांडी टाळावीत.

वापरातून गेलेले एक जुने स्टीलचे पातेले, एक डाव आणि एक बादली रंगासाठी कायमची वेगळी काढावी. त्यांवर ऑइलपेंटने मोठी खूण करावी, म्हणजे घाईत दुसऱ्या कुणाच्या हातून चूक होणार नाही. ज्या भांड्यात आधी रंग केला असेल, तेही आता याच कामाला ठेवावे. घासून परत फळीवर लावू नये.

रंगवताना एवढे पाळा

स्वयंपाक आणि रंगकाम एका वेळी नको. ओटा मोकळा करून वर्तमानपत्र पसरावे, खिडक्या उघडाव्यात. कोरडी पूड उडून श्वासात जाते. काही रंगांनी दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून नाकावर मास्क आणि हातात रबरी मोजे हवेत. पूड आधी थोड्या पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात घालावी. उरलेले पाणी विहीर, हातपंप किंवा भाजीच्या वाफ्याजवळ ओतू नये.

केवळ चहापत्ती, हळद किंवा कांद्याची साले वापरली आणि दुसरे काही मिसळले नाही, तर स्वयंपाकाचे स्टीलचे पातेले चालेल. बाकी प्रत्येक रंगाला त्याचे स्वतंत्र भांडे हवे. एका जुन्या पातेल्याची किंमत घरच्यांच्या प्रकृतीपेक्षा नक्कीच जास्त नाही.