तबकडीवर जे नाही

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा कौतुकाच्या सुरात असते. मुंबईच्या चोरबाजारात कोणाला बालगंधर्वांची एखादी दुर्मीळ तबकडी सापडते, कोणाच्या हाती नकलांची किंवा विस्मृतीत गेलेल्या गायिकेची मुद्रिका लागते. मग ‘मराठीचा वारसा वाचला’ अशी द्वाही फिरते. या द्वाहीला माझा आक्षेप आहे.

संग्राहकांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी लेबले, क्रमांक, कंपन्यांच्या याद्या यांतून जे काम उभे केले, ते खरे तर मराठी विभागांनी करावयास हवे होते. (आम्ही नाट्यपदे अजूनही छापील संहितेवरूनच शिकवितो.) आक्षेप आहे तो ‘दुर्मीळ’ या शब्दाच्या सैल वापराला.

१९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आला तो व्यापारासाठी. कोणाचा आवाज घ्यावयाचा हे गिऱ्हाईक पाहून ठरे, आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्याला यंत्र परवडते तो. आज आपण ज्या तबकडीला दुर्मीळ म्हणतो, ती बहुधा या निवडीतली कमी खपलेली प्रत असते. ज्यांची निवडच झाली नाही, त्यांच्यासाठी संग्राहकाच्या कोशात शब्द नाही.

लाखांदूरच्या परिसरातील दंडार घ्या. माझ्या पाहण्यातल्या एकाही संग्रहात झाडीबोलीतील दंडारीची ७८ फेऱ्यांची तबकडी नाही. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत लांबणारे पद तीन-सव्वातीन मिनिटांत कसेबसे बसविता आले; रात्रभर चालणाऱ्या दंडारीचा कोणता तुकडा छाटावयाचा? गंमत अशी की ती तबकडी घडे लाखेपासून, आणि लाखेचा किडा पोसणारा पळस आमच्या झाडीपट्टीत अमाप. (गावाच्या नावाशी याचा संबंध जोडण्याचा मोह आवरतो.)

यंत्रच असमर्थ होते, असे म्हणून सुटका होत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात सरकारने देशातील अनेक भाषा-बोलींच्या तबकड्या करवून घेतल्याच ना? शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथसंग्रहात त्या आज कोणालाही ऐकता येतात. पण तेथेही बोलणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच गोष्ट दिलेली: बायबलातील उधळ्या पुत्राची. उच्चार बोलीचे, कथा साहेबाची.

कोणी म्हणेल, जे मुद्रितच झाले नाही ते संग्राहकाने कोठून आणावे? आणू नये. पण आपल्या कपाटाला मराठी आवाजाचा इतिहास म्हणविण्यापूर्वी थोडे थांबावे. आणि आम्ही अध्यापकांनी तर त्या कपाटाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे. दिवाळीनंतर शंकरपटांबरोबर येथे नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा जवळच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात मुद्रणयंत्र आहे आणि त्याला तीन मिनिटांची मर्यादा नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी पूर्ण रात्रीचे मुद्रण, सोबत गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती, एवढे मागितले तर अभ्यासमंडळाची कोणती अडचण होते, ते त्यांनी सांगावे.