आमरीच्या पानांवरील ठिपके : आधीं पाहणी, मग औषध

हौसेच्या बागाइतींत आमरीस, म्हणजे सर्वत्र ऑर्किड या नांवानें विकल्या जाणाऱ्या वनस्पतीस, अलीकडे बराच मान मिळूं लागला आहे. पुण्यामुंबईच्या खिडक्यांत फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम यांच्या कुंड्या दिसतात. सह्याद्रीच्या पट्ट्यांत तर सीतेची वेणी झाडांच्या खोडांवर आपोआप वाढते. हौस चांगलीच आहे. परंतु पानावर पहिला काळा ठिपका दिसतांच औषधाच्या बाटलीकडे धांव घेण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. पीक डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पैसेवारी लावूं नये, हा महसूल खात्यांतला धडा येथेंही तितकाच खरा आहे.

प्रथम या झाडाची राहणी ध्यानांत घ्यावी. झाडावर वाढणारी आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे. ती खोडाचा केवळ आधार घेते, रस घेत नाहीं. तिच्या मुळ्यांवर पांढरट, स्पंजासारखें वेष्टन असतें. पावसाचें व दंवाचें पाणी तें चटकन् शोषून घेतें. हवा दमट असली तरी उंच फांदीवर वारा सतत खेळतो, त्यामुळें भिजलेलें पान लौकर सुकतें. सारांश, आमरीस दमट हवा हवी, ओलें पान नको. बहुतेक ठिपक्यांचें मूळ हा भेद न कळण्यांत आहे.

म्हणूनच देशावर व कोंकणांत एकच उपाय चालणार नाहीं. चैत्र-वैशाखांत देशावरील दुपारची आर्द्रता शेंकडा ३० च्याही खालीं उतरते. या झाडांस ती ५० ते ७० असल्यास मानवते. तेथें पसरट ताटांत खडी व पाणी घालून, कुंडीचा तळ पाण्यास न लागेल अशा बेतानें कुंडी वर ठेवावी, व शेजारीं ओलें गोणपाट टांगावें. उलटपक्षीं आषाढांत कोंकणची हवा स्वतःच ८५ च्या वर असते. तेथें पाणी शिंपडणें म्हणजे रोगास आमंत्रण देणें होय. तेथें कुंड्या विरळ ठेवाव्या व वारा खेळता राखावा. दोन्ही ठिकाणीं पाणी सकाळींच द्यावें, म्हणजे सूर्यास्तापूर्वीं पानें कोरडीं होतात. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यांत पाणी सांचल्यास तें कापसानें टिपून घ्यावें, नाहींतर गाभा कुजतो.

आतां ठिपक्यांची पारख. उन्हाच्या बाजूस फिकट, कोरडा डाग पडून तो वाढत नसेल, तर तो उन्हाचा चटका आहे. कुंडी सांवलींत सरकवावी, औषध नको. डाग पाणीदार व मऊ असून एकदोन दिवसांत पसरत असेल, क्वचित् दुर्गंधीही येत असेल, तर ती जंतूंची कुज समजावी. पानाच्या खालच्या अंगास प्रथम पिवळे व मागाहून काळपट, खोलगट ठिपके पडल्यास, किंवा शेंड्याकडून वलयें वलयें असलेला करपा चढत आल्यास, तें बहुधा बुरशीचें काम असतें. सर्वांत खालचें एखादें जुनें पान पिवळें पडून गळणें हा मात्र रोगच नव्हे.

कुजीचें झाड तत्काळ वेगळें ठेवावें. डागापलीकडील अर्धा इंच हिरवा भागही घेऊन पान कापावें, आणि पातें प्रत्येक झाडागणिक ज्योतींत तापवून घ्यावें. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाहीं. आमरीस जडणारे कांहीं विषाणू न तापवलेल्या पात्यानेंच एका कुंडींतून दुसरींत जातात, व त्यांवर औषध नाहीं. सुपारीच्या कोळे रोगासाठीं केलेलें बोर्डो मिश्रण उरलें म्हणून आमरीवर मारूं नये. ताम्रयुक्त औषधानें डेंड्रोबियमचीं पानें जळतात. बुरशी खरोखरच पसरत असेल, तरच जाणत्याच्या सल्ल्यानें योग्य औषध वापरावें.

आमच्या आग्रहाचें आणखी एक कारण आहे. घरचें झाड ठिपक्यांनीं मेलें कीं कित्येकजण रानांतून दुसरें ओरबाडून आणतात. तें खिडकींत थोड्याच महिन्यांत मरतें, आणि रानांतली जागा मात्र रिकामी पडते. वास्तविक १९२२ सालीं अमेरिकेंत लुईस नडसन यांनीं साखर घातलेल्या पोषक माध्यमावर आमरीचें बीं रुजवून दाखविलें, आणि त्या वाटेनें आज बाटल्यांत असंख्य रोपें तयार होतात. तेव्हां झाड रोपवाटिकेंतूनच घ्यावें. आमच्या शेतकरी बंधूंनींही आंब्यावरील आमरी बांडगूळ समजून कोयत्यानें उतरवूं नये. जिच्यापासून झाडाच्या रसाचा एक थेंबही कमी होत नाहीं, तिला तिच्या जागीं राहूं देण्यांत आपलें कांहीं जात नाहीं.