‘आम्हाला फिल हवा!’

प्रशिक्षक गेला की मालकाच्या आधी प्रेक्षकच नवा निवडून मोकळे होतात! अमेरिकेत लॉस एंजेलिसला ‘लेकर्स’ नावाचा बास्केटबॉल संघ आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात पहिल्या पाचपैकी चार सामने हरल्याबरोबर त्यांनी प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना घरी पाठवलं. त्याच रात्री सामना होता आणि प्रेक्षक ओरडत होते, ‘आम्हाला फिल हवा!’

फिल म्हणजे फिल जॅक्सन. शिकागो बुल्सला सहा नि लेकर्सला पाच अजिंक्यपदं मिळवून देणारे! पण निवड झाली माइक डँटोनी यांची. तेही काही ऐरेगैरे नव्हेत बरं का. नियमाने चेंडू फेकायला चोवीस सेकंद मिळतात; त्यांचा जुना संघ फिनिक्स सन्स सातातच काम उरकायला बघायचा. त्या वेगाचा सूत्रधार स्टीव्ह नॅश आता लेकर्सकडेच होता. पण अडतीस वर्षांचा, आणि पायाचं हाड मोडून बसलेला! उंचापुरा पाऊ गॅसोल तर बास्केटजवळ रमणारा. त्याने पळायचं किती?

मला विचाराल तर, लोक ओरडले ते बरोबरच. फक्त करंडक मोजून ओरडले. खरा मुद्दा वेगळाच होता. गॅसोल नि कोबी ब्रायंट फिलच्या पद्धतीने खेळूनच २००९ आणि २०१० ला जिंकले होते. अर्थात फिलही तेव्हा सदुसष्टचे होते म्हणा!

लेकर्स ८२ पैकी ४५ सामने जिंकले, बाद फेरीत सॅन अँटोनियोकडून ४-० असे हरले. २०१४ मध्ये डँटोनींनी राजीनामा दिला. झालं! पुन्हा तोच वाद, आता कोण?